जाड खंडातलं ‘क्रमशः’ : क्लेअरमाँटचे एक्स-मेन पुन्हा वाचायचे तर

एक्स-मेन ही अमेरिकन कॉमिक्सची मालिका, जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्या ‘म्यूटंट’ माणसांच्या फौजेची. ख्रिस क्लेअरमाँटनं ती वर्षानुवर्षं लिहिली. तिच्या अंक ११३ मध्ये खलनायक मॅग्नेटोचा अंटार्क्टिकातला तळ कोसळतो. ज्वालामुखीच्या पोटात बांधलेला तो तळ लाव्ह्याखाली जातो आणि एक्स-मेनची पांगापांग होते. जीन ग्रे आणि बीस्ट वर बर्फावर निघतात. सायक्लॉप्स, म्हणजे स्कॉट, आणि बाकीचे सॅव्हेज लँडमध्ये, त्या उष्ण, डायनोसॉरांच्या प्रदेशात पोचतात. इकडच्यांना वाटतं तिकडचे मेले, तिकडच्यांना वाटतं इकडचे मेले. अंकावरची तारीख आहे सप्टेंबर १९७८. स्कॉट आणि जीन पुन्हा एकमेकांसमोर येतात ते अंक १२६ मध्ये, ऑक्टोबर १९७९ च्या तारखेला. म्हणजे दर महिन्याला अंक विकत घेणाऱ्या वाचकानं तेरा महिने हा गैरसमज उरात बाळगला होता.

मी तेच अंक जाड खंडात पहिल्यांदा वाचले तेव्हा ते अंतर एका रविवारच्या दुपारी पार केलं. दोघं भेटले आणि मला काहीही वाटलं नाही. पान उलटलं, पुढे गेलो. नंतर कितीतरी दिवसांनी लक्षात आलं, की त्या तेरा महिन्यांच्या विरहावरच पुढची सगळी शोकांतिका उभी आहे. जीन एकटी होती म्हणून तिच्या मनात दुसऱ्या कुणाला शिरता आलं. हे सगळं माझ्या हातून निसटलं होतं.

आपल्याकडे मासिकांत कादंबऱ्या यायच्या तेव्हा प्रकरणाच्या शेवटी कंसात ‘क्रमशः’ छापलेलं असायचं. ज्यांनी ते वाचलंय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. एक्स-मेनची ही मालिका त्या शब्दावर जगलेली आहे. संग्रह हातात आला की तो शब्द नाहीसा होतो. दुसऱ्या वाचनात तो परत कसा आणायचा, हे या लेखात सांगतो. कथानकाचे शेवट मी लपवलेले नाहीत, कारण हा लेख पुन्हा वाचणाऱ्यांसाठी आहे.

आधी थोडा नकाशा

मूळ एक्स-मेन स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये सुरू केले. १९७० मध्ये अंक ६६ नंतर नव्या गोष्टी थांबल्या आणि पाच वर्षं जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या जात होत्या. मे १९७५ मध्ये लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी ‘जायंट-साइझ एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात नवी फौज आणली : जर्मनीचा नाइटक्रॉलर, केनियातून स्टॉर्म, सोव्हिएत सायबेरियाचा कोलॉसस, कॅनडाचा वुल्व्हरीन, आयर्लंडचा बॅन्शी, जपानचा सनफायर, अपाची जमातीचा थंडरबर्ड. अंक ९४ पासून संवाद लिहायला ख्रिस क्लेअरमाँट आला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. तो १९९१ पर्यंत राहिला. सोळा वर्षं, मुख्य मालिकेचे पावणेदोनशेहून जास्त अंक, एकच लेखक. चित्रकार मात्र बदलत गेले : कॉक्रम, मग जॉन बर्न (अंक १०८ ते १४३), पुन्हा कॉक्रम, पॉल स्मिथ, जॉन रोमिटा धाकटा, मार्क सिल्व्हेस्ट्री, जिम ली.

एवढं डोक्यात असलं की पुरे.

पायरी पहिली : कोणता खंड घ्यायचा

याचं उत्तर सगळ्यांसाठी एकच नाही, पण एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. खंड निवडताना त्याची जाडी पाहू नका, तो कुठे कापलाय ते पाहा. ओम्निबसचा, म्हणजे मोठ्या आकाराच्या जाडजूड संग्रहाचा, पहिला खंड अंक १३१ वर संपतो आणि दुसरा १३२ वर सुरू होतो. डार्क फिनिक्सची कथा, म्हणजे फिनिक्स बनलेल्या जीनची शोकांतिका, अंक १२९ मध्ये वेग घेते, म्हणजे ऐन भरात पुस्तक बदलावं लागतं. एपिक कलेक्शनच्या मालिकेत हा अडथळा येत नाही. ‘सेकंड जेनेसिस’मध्ये अंक ११० पर्यंतचा भाग आहे, ‘प्रोटिअस सागा’मध्ये १११ ते १२८ आणि ‘द फेट ऑफ द फिनिक्स’मध्ये १२९ ते १४३. हे कागदी बांधणीचे खंड आहेत, हातात धरून पलंगावर आडवं होऊन वाचता येतात, आणि कापलेत नेमके जिथे कथा श्वास घेते तिथे. पहिल्या पुनर्वाचनाला मी हेच सुचवेन.

ओम्निबस वाईट नाही. चित्रं मोठी दिसतात, पानं सपाट उघडतात. पण तो मांडीवर वाचायचा ग्रंथ नाही. टेबल हवं, नाहीतर पोथीसारखी व्यासपीठाची घडी हवी. नवा आणला तर एकदम मधोमध उघडू नका. आधी पुढची दहा-वीस पानं, मग मागची दहा-वीस, असं दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं दाबत मध्यापर्यंत या. शिवण सैल होते आणि कणा तडकत नाही.

‘इसेन्शियल’ नावाचे कृष्णधवल जाड खंड आता नव्यानं निघत नाहीत, पण जुन्या पुस्तकांत कधीकधी सापडतात. माझा पहिला खंड मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवर मिळाला होता, मुखपृष्ठ दुमडलेला. दिसला तर सोडू नका. रंग नसल्यामुळे बर्नच्या रेखाटनांवर टेरी ऑस्टिननं चढवलेली शाई उघडी दिसते : यंत्रांचे खिळे, इमारतींच्या खिडक्या, केसांची बट न् बट. रंगीत प्रतीत यातलं निम्मं आपण नुसतं ओलांडून जातो. जुना खंड घेताना प्रत्येक अंकाचं पहिलं आणि शेवटचं पान आहे ना ते तिथेच उभं राहून तपासा, आणि नाकाजवळ धरून वास घ्या. बुरशीचा वास कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांनाही लागतो.

टॅबलेटवर वाचत असाल तर एकच विनंती. एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय बंद ठेवा. ती फोनच्या छोट्या पडद्यासाठी ठीक आहे. पण चित्रकारानं पान हे एकक धरून रचना केलेली असते आणि चौकट-चौकट पाहिली की ती रचना आपल्याला दिसतच नाही.

एक सावधगिरी. १९८६ पासून ‘क्लासिक एक्स-मेन’ या नावानं हेच अंक पुन्हा छापले गेले, तेव्हा काही गोष्टींत नवी पानं घातली गेली आणि मागे जॉन बोल्टननं चितारलेल्या छोट्या कथा जोडल्या गेल्या. त्या छोट्या कथा फार सुंदर आहेत, ‘व्हिन्येट्स’ या नावानं वेगळ्या संग्रहात मिळतात. पण पुनर्वाचन मूळ अंकांचंच करा आणि त्या नंतर वाचा. घुसवलेल्या पानांना पुढे काय होणार ते माहीत असतं आणि त्यामुळे मूळ अंकांतली अनिश्चितता पातळ होते.

पायरी दुसरी : खंडाचे महिने पाडा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि त्याला लागतात फक्त कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक अंक जिथे सुरू होतो तिथे एक पट्टी घाला आणि तिच्यावर अंकाचा क्रमांक आणि मुखपृष्ठावरचा महिना-वर्ष लिहा. त्या काळातल्या अंकात कथेची सतरा-अठरा पानं असत, १९८० च्या अखेरीपासून बावीस. म्हणजे एक अंक वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणूनच हात थांबत नाही आणि आपण एका बैठकीत आठ अंक संपवतो.

माझा नियम असा : आठवड्याला दोन अंक, ठरलेल्या वारी. माझे बुधवार आणि शनिवार आहेत. एका रात्री दोन अंक कधीच नाहीत, शेवट कितीही टांगता असला तरी. खरं तर तेव्हा तर मुळीच नाहीत. ‘जायंट-साइझ’ धरून अंक १३८ पर्यंत शेहेचाळीस अंक होतात, म्हणजे याच वेगानं तेवीस आठवडे. गणपतीत सुरुवात केलीत तर शिमग्याच्या आत डार्क फिनिक्स संपतं.

दोन ठिकाणी मी वेग आणखी कमी करतो. पहिलं म्हणजे सुरुवातीचे अंक. १९७८ च्या मध्यापर्यंत हे नियतकालिक दोन महिन्यांतून एकदा निघत होतं. थंडरबर्ड नव्या फौजेत येऊन जेमतेम तिसऱ्या कथेत, अंक ९५ मध्ये मरतो. पुढचा अंक दोन महिन्यांनी आला. त्याच्या मृत्यूचं ओझं सायक्लॉप्स अंक ९६ मध्ये वाहताना दिसतो ते त्या दोन महिन्यांनंतरचं आहे. तिथे एक आठवडा मधे जाऊ द्या. दुसरं ठिकाण सुरुवातीलाच सांगितलेलं, ११३ ते १२६. तिथे आठवड्याला एकच अंक. जपान, कॅनडा, न्यूयॉर्क असा फौजेचा लांबचा प्रवास चाललाय आणि जीन त्यात नाही. अंक ११४ मध्ये स्कॉट स्वतःशी विचार करतो की आपल्याला जितकं दुःख व्हायला हवं तितकं का होत नाही. हे वाक्य तीन महिने मनात राहिलं की १२६ मधली भेट वेगळीच लागते.

वाचलेल्या प्रत्येक अंकानंतर वहीत एक ओळ लिहा : काय उघडं राहिलं? मी त्याला उधारीची वही म्हणतो. किराणा दुकानदार लिहून ठेवतो तशी. लेखकानं वाचकाकडून उसना घेतलेला प्रत्येक प्रश्न तिथे नोंदवायचा आणि फिटला की त्यावर रेघ मारायची. ‘जीनला भेटणारा हा देखणा गृहस्थ कोण?’ ही ओळ माझ्या वहीत अंक १२५ समोर आहे आणि तिच्यावरची रेघ अंक १३४ समोर. काही उधाऱ्या फार जुन्या होतात. अंक १४२ मध्ये नाइटक्रॉलर खलनायिका मिस्टीकच्या निळ्या चेहऱ्याकडे पाहून विचारतो की तू आहेस तरी कोण. ती उधारी क्लेअरमाँटच्या त्या सोळा वर्षांत फिटली नाही. ती ओळ अजून माझ्या वहीत उघडी आहे आणि ती पाहिली की मला आनंद होतो.

पायरी तिसरी : आधी डोळ्यांनी, मग ओठांनी

क्लेअरमाँटच्या अंकांत शब्द भरपूर आहेत. निवेदनाच्या चौकटी, विचारांचे ढग, संवादांचे फुगे. वुल्व्हरीनचे पंजे कशाचे बनलेत, कोलॉससचं शरीर कसं पोलादी होतं, हे प्रत्येक अंकात नव्यानं सांगितलं जातं. कारण सोपं आहे. वाचक हा अंक कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून पहिल्यांदाच उचलत असेल असं गृहीत धरून लिहायची तेव्हा शिस्त होती. महिन्यातून एकदा ते खटकत नाही. सलग दहा अंक वाचले तर खटकतं, आणि बरेच वाचक तिथेच पुस्तक मिटतात. आठवड्याला दोन अंकांच्या वेगात हा त्रास जवळजवळ उरत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

तरीही एक सवय लावून घ्या. अंक दोनदा पाहायचा. पहिल्यांदा एकही शब्द न वाचता, नुसती चित्रं. कोण कुणाकडे पाहतंय, कुणाची पाठ आहे, कुठल्या चौकटीत पार्श्वभूमी रिकामी सोडलीये. बर्न आणि ऑस्टिन यांच्या पानांवर गोष्ट शब्दांशिवायही कळते. मग दुसऱ्यांदा शब्दांसकट. असं केलं की चित्रात दिसलेलं शब्दांत पुन्हा सांगितलंय ते ठिकाण आपोआप ओळखू येतं आणि तिथे डोळा भरभर सरकतो. आणि जिथे शब्द चित्राच्या विरुद्ध जातात तिथे थांबावंसं वाटतं. चेहरा हसरा आणि विचारांच्या ढगात भीती, अशा चौकटी क्लेअरमाँटकडे पुष्कळ आहेत. त्याचं बळ तिथे आहे.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना यातली बोली सुरुवातीला अडते. रोग (Rogue) या नायिकेचं अमेरिकेच्या दक्षिणेकडचं इंग्रजी, बॅन्शीचं आयरिश, कोलॉससचे रशियन आणि नाइटक्रॉलरचे जर्मन उद्गार, हे सगळं स्पेलिंगमध्ये मोडून लिहिलेलं असतं. शब्दकोशात ते सापडत नाही. मोठ्यानं वाचा. कानाला लगेच कळतं. आणि टॉम ओर्झेचॉव्स्कीच्या अक्षरांकडे लक्ष द्या. आवाज चढला की अक्षर कसं जाड होतं, कुजबूज झाली की फुगा मोठा राहून अक्षर कसं बारीक होतं. हातानं लिहिलेली ही अक्षरं वर्षानुवर्षं एकाच माणसाची आहेत. चित्रकार बदलले तरी मालिकेचा आवाज तोच राहिला याचं मोठं श्रेय मी त्याला देतो.

रंगांबद्दल थोडं. ग्लिनिस वीननं (पुढे ग्लिनिस ऑलिव्हर) हे रंग पिवळट, शाई पिणाऱ्या स्वस्त कागदासाठी ठरवले होते. तेच रंग चकचकीत पांढऱ्या कागदावर छापले की अंगावर येतात. खोलीतला पांढरा ट्यूबलाइट बंद करून पिवळा दिवा लावा. एवढ्यानं खूप फरक पडतो.

आणखी एक बारकावा, ज्याकडे मी फार उशिरा लक्ष दिलं. मूळ अंकांत मधे जाहिराती असायच्या. संग्रहात त्या नसतात, त्यामुळे डावं-उजवं पान बदलतं. जे चित्र पान उलटल्यावर धक्का देण्यासाठी होतं ते आता कधीकधी समोरच्याच पानावर आधीच दिसतं. अंक १३२ च्या शेवटच्या पानावर वुल्व्हरीन गटाराच्या पाण्यातून वर येतो. सगळी फौज हेलफायर क्लब या शत्रुटोळीच्या हाती लागलीये आणि हा एकटा उरलाय. तो क्षण आधी दिसला तर फुकट जातो. म्हणून मी पोस्टकार्डापेक्षा मोठा एक पुठ्ठा जवळ ठेवतो आणि डावं पान वाचताना उजवं झाकतो.

पायरी चौथी : एकाच माणसाचा हात धरा

पहिल्या वाचनात आपण घटनांच्या मागे असतो. दुसऱ्या वाचनाला एक माणूस निवडा आणि त्याच्या नजरेनं सगळे अंक वाचा. माझ्या मते सगळ्यात श्रीमंत धागा स्टॉर्मचा आहे.

तिची पहिली ओळख केनियात देवी म्हणून पुजली जाणारी बाई अशी आहे. मग अंक १०२ मध्ये कळतं की ही देवी बंद जागेत थरथरते. १९५६ च्या सुएझ युद्धात कैरोमध्ये तिच्या घरावर विमान कोसळलं, आईवडील गेले आणि लहानगी ओरोरो आईच्या शेजारी ढिगाऱ्याखाली अडकून पडली. पहिल्यांदा वाचताना हा दुबळेपणा म्हणजे कथेतली सोय वाटते. थांबा. अंक १२२ मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या हार्लेममध्ये आपलं जुनं घर बघायला जाते आणि तिथे तिला काय पाहावं लागतं ते बघा. अंक १४५ ते १४७ मध्ये डॉक्टर डूम तिला जिवंतपणी धातूच्या पुतळ्यात कोंडतो आणि १०२ मधली ती लहान मुलगी इतक्या वर्षांनी, अख्ख्या आकाशाला सोबत घेऊन फुटून बाहेर येते. अंक १७० मध्ये मॉरलॉक्स या भुयारात राहणाऱ्या म्यूटंटांच्या म्होरकीशी, कॅलिस्टोशी, ती सुऱ्यांनी लढते. देवीनं माणसाच्या छातीत सुरी खुपसली, हा तिच्यासाठी केवढा पल्ला आहे! अंक १७३ मध्ये जपानमध्ये ती केस भादरून, कातडी जाकिटात समोर येते आणि फौजेतल्या लहानग्या किटीला तो बदल सहन होत नाही. किटीचा राग मला आता पटतो. पहिल्या वेळी मला तो बालिश वाटला होता. अंक १८५ मध्ये एका हत्यारामुळे तिची शक्तीच जाते. आणि अंक १८६, बॅरी विंडसर-स्मिथनं चितारलेला. लढाई नाही, खलनायक नाही. शक्ती गमावलेली एक बाई आणि ज्यानं ते हत्यार बनवलं तो फोर्ज, दोघं एका घरात. अंक २०१ मध्ये शक्ती नसलेली हीच स्टॉर्म नेतृत्वासाठी सायक्लॉप्सशी लढते आणि जिंकते.

देवीपासून माणसापर्यंत आलेली ही वाट दहा वर्षांची आहे. सलग वाचली तर ती वेशभूषेतले बदल वाटते. वहीत तिचं एक वेगळं पान काढा.

मॅग्नेटोचा धागा आटोपशीर आहे आणि वेळ कमी असेल तर तोच घ्या : अंक १०४, १११ ते ११३, मग १५०, १६१ आणि २००. ११३ मधला मॅग्नेटो शुद्ध खलनायक आहे. १५० मध्ये तो किटीला जवळजवळ मारतो आणि आपण एका लहान मुलीवर हात टाकला हे पाहून कोसळतो. तिथेच त्याच्या तोंडून ऑशविट्झचा उल्लेख येतो. १६१ मध्ये इस्रायलमधल्या हैफाचे जुने दिवस, एक्स-मेनचा संस्थापक चार्ल्स झेविअर तरुणपणी आणि तो, मित्र. २०० मध्ये पॅरिसला त्याच्यावर खटला. हे पाच टप्पे ओळीनं वाचले तर लेखक आपला खलनायक डोळ्यांदेखत बदलताना दिसतो.

पायरी पाचवी : बाजूच्या अंकांचं काय करायचं

मोठ्या खंडांत वार्षिकांक, पाहुणे अंक, छोट्या मालिका असं बरंच भरलेलं असतं. सगळं वाचलंच पाहिजे असं नाही. तीन मात्र चुकवू नका.

पहिला, ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा दहावा वार्षिकांक, १९८१ चा, चित्रं मायकेल गोल्डनची. रोग इथे पहिल्यांदा येते, खलनायिका म्हणून, आणि कॅरोल डॅन्व्हर्स या नायिकेची शक्ती आणि आठवणी दोन्ही ओरबाडून घेते. हे न वाचता अंक १७१ ला गेलात तर रोग एक्स-मेनच्या दारात आसरा मागते तेव्हा सगळे एवढे का चिडतात ते उमगत नाही. दुसरी, १९८२ ची वुल्व्हरीनची चार अंकांची मालिका, फ्रँक मिलरच्या चित्रांची. ती १७२ च्या आधी वाचा, कारण १७२-१७३ मधलं लग्न तिथून आलेलं आहे. तिसरं, ‘गॉड लव्ह्ज, मॅन किल्स’, १९८२ ची ग्राफिक कादंबरी, चित्रं ब्रेंट अँडरसनची. दोन लहान मुलांच्या हत्येनं ती सुरू होते आणि खलनायक आहे एक धर्मोपदेशक. म्यूटंटांचा द्वेष ही या मालिकेची मुळातली गोष्ट. ती इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठेही आलेली नाही. ही एकाच बैठकीत वाचा. ती मुळात एकाच बैठकीसाठी लिहिलेली आहे.

१९८६ च्या ‘म्यूटंट मॅसकर’पासून एकच कथा वेगवेगळ्या नियतकालिकांत वाटून छापली जाऊ लागली. तिथून पुढे वाचायचं तर त्या-त्या घटनेचा स्वतंत्र संग्रह घेणं बरं. नुसती मुख्य मालिका धरली तर मधलं पान फाटल्यासारखं वाटतं.

अंक १३७ ला पोचल्यावर

याला मी वेगळी जागा देतोय. अंक १३५ मध्ये फिनिक्स एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. लेखक-चित्रकारांनी मुळात जीनची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवलं होतं. त्या शेवटाची पानं काढूनही झाली होती. मुख्य संपादक जिम शूटर यांचं म्हणणं पडलं की एवढ्या हत्येनंतर ती सहज सुटता कामा नये. शेवट बदलला आणि चंद्रावर जीन स्वतःच्या हातानं मरण पत्करते. सप्टेंबर १९८० चा अंक. जुना शेवट १९८४ मध्ये ‘फिनिक्स : द अनटोल्ड स्टोरी’ म्हणून निघाला आणि बऱ्याच संग्रहांत मागे जोडलेला असतो.

तो लगेच वाचू नका. खंड चाळताना तिथे हात जाईल, म्हणून मी त्या पानांना आधीच रबरबँड लावून ठेवतो. १३७ वाचा, पुस्तक मिटा. १९८६ मध्ये ‘एक्स-फॅक्टर’साठी जीनला परत आणलं गेलं हे आपल्याला माहीत असतं, पण १९८० च्या वाचकाला ते माहीत नव्हतं. शक्य तितकं त्याच्या जागी बसा. मग अंक १३८, तिचा अंत्यविधी. पर्यायी शेवट एखाद्या महिन्यानं वाचा, तेव्हा तो कुतूहल म्हणून छान लागतो, आणि मला विचाराल तर शूटर यांचाच निर्णय बरोबर होता हे पटतं.

पावसाळ्यात खंड सांभाळताना

मुंबई, कोकण, गोवा इथल्या वाचकांसाठी हे सांगायलाच हवं. चकचकीत कागदाला ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंग उचकटतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात हे खंड ठेवू नका. जूनच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या बदला, कसरीसाठी वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा, पानांत घालू नका, डाग पडतात. जड खंड उभे ठेवले तर घट्ट बसवा, नाहीतर आतली पानं स्वतःच्या वजनानं खाली ओढली जातात. सगळ्यात जाड असतील ते आडवेच बरे. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हाताळलं जाणारं पुस्तक बंद पुस्तकापेक्षा चांगलं टिकतं, त्यामुळे दोन अंकांचा नियम इथेही कामी येतो.

कुठे थांबायचं

सोळा वर्षांचं सगळं वाचायलाच हवं असा हट्ट धरू नका. अंक १७५ हा एक सुरेख थांबा आहे. पॉल स्मिथची स्वच्छ, हलकी रेघ तिथे संपते. अंक २०० हा दुसरा. त्यापुढे ऑस्ट्रेलियातला काळ आहे, जेनोशाची गुलामगिरीची कथा आहे (२३५ ते २३८), आणि त्या मला आवडतात, पण त्यांच्यासाठी मन तयार लागतं. १९९१ च्या नव्या ‘एक्स-मेन’ मालिकेचे पहिले तीन अंक लिहून क्लेअरमाँट गेला, आणि त्यातल्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या होत्या.

पहिल्या पुनर्वाचनाला मात्र मी १३८ वरच थांबतो. जीनच्या थडग्यापाशी सुरुवात होते, स्कॉट सगळी जुनी वर्षं मनात उजळतो, आणि शेवटी बॅग भरून निघून जातो. त्याच शेवटच्या पानावर, तो जात असताना, साडेतेरा वर्षांची किटी प्राइड सामान घेऊन शाळेच्या दारात येऊन उभी राहते. तिथे पट्टी ठेवा. वहीत तिच्या नावाची ओळ लिहा. अंक १३९ पुढच्या महिन्यात उघडा.